शेवाळाचें प्रायश्चित्त

पापाचें प्रायश्चित्त घ्यावें लागतें ही समजूत फार जुनी आहे; पण त्या प्रायश्चित्तांतच चार पैसे सुटावेत, ही अपेक्षा मात्र आमच्या काळाची. कारखान्यांच्या धुराड्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायु शेवाळास खाऊं घालावा आणि त्यापासून मौल्यवान रसायनें काढावीं, या योजनेची वाखाणणी ऐकून आम्हांस वाटतें कीं, येथें धंदा आणि प्रायश्चित्त यांची गल्लत होत आहे.

योजनेचें शास्त्र खरें आहे. सूक्ष्म शेवाळ सूर्यप्रकाशाच्या बळावर हा वायु शोषून त्यांतील कर्बानें आपलें शरीर घडवितें. ही क्रिया कशी चालते, हें मेल्विन कॅल्विन व त्यांचे सहकारी यांनीं क्लोरेला नांवाच्या शेवाळावर प्रयोग करून उलगडिलें, व त्याबद्दल कॅल्विन यांस १९६१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. एक किलो कोरडें शेवाळ होण्यास सुमारें १.८ किलो वायु लागतो. पश्चिम ऑस्ट्रेलियांत हट लगून येथील खाऱ्या तळ्यांत वाढणाऱ्या डुनालिएला शेवाळापासून बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजरास रंग देणारें द्रव्य, काढितात.

परंतु जी वस्तु महाग, ती थोडकीच खपते. आणि खनिज इंधनांतून दरसाल निघणारा वायु तर ३५ अब्ज टनांहून अधिक! शिवाय खाल्लेल्या रंगद्रव्यांतील कर्ब बहुतांशीं पुन्हां हवेंतच जातो. पुष्कळ खपेल असा माल म्हणजे इंधन. अमेरिकन सरकारनें १९७८ पासून १९९६ पर्यंत शेवाळापासून तेल काढण्याचा उद्योग करून पाहिला. खनिज तेलाच्या स्वस्ताईपुढें त्याचा निभाव लागला नाहीं.

कोणी म्हणेल, शेवाळाचें तेल जाळिलें तरी तितकें खनिज तेल वांचलें ना? हा आक्षेप रास्त आहे, व शेवाळाचें खरें पुण्य आम्ही एवढेंच मानतों. भूगर्भांत कोट्यवधि वर्षें निजलेला कर्ब मनुष्यानें उकरून काढिला, हें मूळ ऋण. शेवाळ तो थोडे दिवस उसना ठेवितें; त्याच्या मालामुळें जेवढें खणणें खरोखर थांबेल, तेवढीच ऋणाची फेड.

म्हणून शेवाळाच्या व्यापाऱ्यास त्याचा नफा लखलाभ असो. परंतु त्याच्या तळ्याकडे बोट दाखवून आपलें धुराडें निर्दोष ठरवूं पाहणाऱ्यास एवढेंच विचारावें : खाणींतला किती कोळसा तुम्ही न काढतां ठेविला?