देवस्थान कोणाचें?

वर्ध्यास लागून असलेल्या बोरगांव मेघे येथें आम्ही राहतों. पाहुणे आले म्हणजे त्यांस वर्ध्याचें लक्ष्मीनारायण मंदिर आणि धाम नदीकांठचा पवनारचा आश्रम दाखवावयाचा, हा आमच्या घरचा रिवाजच होऊन बसला आहे. एकदां परततांना एका पाहुण्यानें सहज विचारलें, "हीं स्थानें कोणाचीं?" आम्हीं चटकन् म्हटलें, "आपलीं." परंतु 'आपलीं' म्हणजे नेमकीं कोणाचीं, याचा उलगडा आम्हांस त्या रात्रीं होईना.

देवस्थानाच्या कारभारावर तेथील रहिवाश्यांचा हक्क पहिला, हें वरकरणी न्याय्यच दिसतें. रोजचा दिवा तेच लावितात. यात्रेची गर्दी आणि मागें उरणारा कचराही तेच सोसतात. घटकाभर येणाऱ्या हौशी प्रवाशानें त्यांस कारभार शिकवावा, हें कोणास रुचेल? तथापि केवळ जवळीक हाच हक्काचा आधार मानला, तर दाराशीं उभा असलेला मनुष्य दाराचा मालक होऊन बसतो. पंढरपूर हें वारकऱ्यांचें माहेर. परंतु तेथील पूजेचे व उत्पन्नाचे हक्क बडवे-उत्पातांकडे वंशपरंपरेनें चालत आले होते. तें दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांस उघडावें म्हणून साने गुरुजींस १९४७ सालीं उपोषण करावें लागलें. पुढें १९७३ च्या कायद्यानें ते वंशपरंपरागत हक्क रद्द केले, आणि त्यावरील वादाचा शेवट सर्वोच्च न्यायालयांत २०१४ सालीं झाला. समाजास जें आपण होऊन करतां आलें नाहीं, तें सरकारास करावें लागलें, हें समाजास भूषणावह नव्हे. सरकारी समिती हिशेब चोख ठेवील. परंतु आपलेपणा ती कोठून आणील?

याच्या उलट दाखला आमच्या शेजारींच आहे. लक्ष्मीनारायण मंदिर बजाज घराण्याचें. कायद्याची सक्ती नसतां, सनातन्यांचा रोष पत्करून जमनालालजींनीं तें १९२८ सालीं सर्वांस खुलें केलें. ज्यांच्या हातीं किल्ली होती, त्यांनींच ती जगाची ठेव मानली.

पवनारची गोष्ट याहूनही बोलकी आहे. तेथें जमीन खणतांना विनोबांस भरत-रामाच्या भेटीचें प्राचीन शिल्प सांपडलें; त्याचीच तेथें प्रतिष्ठापना झाली. १९५९ सालीं त्यांनीं ब्रह्मविद्या मंदिर स्थापून तें भगिनींच्या समूहाच्या हातीं सोंपविलें. शेती, स्वयंपाक, सफाई हीं कामें त्या स्वतः करीत आल्या, आणि निर्णय बहुमतानें नव्हे, तर सर्वसंमतीनें घेत आल्या. अशी रीत संथ खरी. जेथें दुकानांचे लिलाव आणि वाहनतळांचे ठेके आहेत, तेथें ती जशीच्या तशी चालणार नाहीं, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु तिच्यांतील मर्म कोठेंही चालण्याजोगें आहे: व्यवस्थेचा अधिकार जन्मानें किंवा शेजारानें मिळत नाहीं, तो सेवेनें मिळतो, आणि सेवेनें मिळाला तरी तो मालकीचा होत नाहीं.

भरतानें चौदा वर्षें राज्य चालविलें, पण सिंहासनावर पादुका रामाच्या ठेविल्या. देवस्थानाच्या विश्वस्तांस याहून अधिक सांगावें असें काय आहे? मात्र येथें 'राम' म्हणजे केवळ गाभाऱ्यांतील मूर्ति नव्हे. आज दूर असलेला, उद्यां येणारा, किंबहुना अद्याप जन्मासही न आलेला यात्रेकरू, त्याच्याही पादुका त्या सिंहासनावर आहेत.

आणि आम्ही स्वतः? पाहुण्यांस घेऊन आम्ही पवनारास कितीदां तरी गेलों; पण तेथील अंगणांत आम्हीं एकदांही झाडू हातीं धरलेला नाहीं. तेव्हां आमच्या तोंडचें तें "आपलीं" खरें होतें कीं उसनें, हें पाहुण्यास विचारण्याचें धैर्य आम्हांस अजून झालेलें नाहीं.