पिंजऱ्यातली दया

माळशिरस तालुक्यातल्या नातेपुत्याच्या आसपास खुराड्यातून कोंबड्या गेल्या किंवा मक्याची कणसं सोलून पडलेली दिसली, की हल्ली एक सुसंस्कृत तोडगा पुढे येतो. कोल्हा मारू नका, पिंजरा लावून पकडा आणि लांब नेऊन सोडा. जीवही वाचला, पीकही वाचलं. तोडगा इतका सोयीचा आहे की तो तपासून पाहावा असं कुणालाच वाटत नाही.

विष, गावठी बॉम्ब आणि तारेत सोडलेला करंट यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. ती क्रूरता आहे, गुन्हा आहे, आणि करंट माणूस ओळखत नाही. दुसऱ्या टोकाला, ‘निसर्ग आहे, सोसा’ असं सांगणाऱ्यांच्या दारात सहसा शेळी नसते. माझं भांडण पिंजऱ्याशी आहे, कारण तो दयेच्या वेशात येतो.

आधी कायदा. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पकडणं हीसुद्धा शिकारच आहे, आणि 2022च्या दुरुस्तीनंतर कोल्हा पहिल्या अनुसूचीत आहे. पण कायदा घटकाभर बाजूला ठेवू. लांब म्हणजे नेमकं कुठे? निरा उजव्या कालव्याकाठच्या उसातला कोल्हा शिखर शिंगणापूरकडच्या कोरड्या माळावर सोडला, तर त्याला तिथलं पाणी ठाऊक नसतं, बीळ ठाऊक नसतं. चांगल्या जागा बहुधा आधीच दुसऱ्यांनी धरलेल्या असतात. त्या माळावर उंदीर-किडे खाऊन राहणारी खोकडं असतात, मेंढपाळांचे वाडे असतात. म्हणजे आपली तक्रार आपण दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकली. कोल्हे जोडीनं राहतात. पिलं बिळात असताना आई पिंजऱ्यात सापडली, तर ती पिलं जमिनीखाली उपाशी मरण्याची शक्यताच जास्त. ते मरण दिसत नाही म्हणून उपाय दयाळू ठरतो. आणि कोल्ह्याला ज्यानं इथे आणलं ते अन्न जागेवरच असेल, तर मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा कोल्हा येतो. पिंजरा पुन्हा लागतो.

क्वचित, एखादं जखमी किंवा पिसाळलेलं जनावर वनखात्याला पकडावंच लागतं, हे मान्य. पण अपवादाचं धोरण करता येत नाही. वेल्सने 2023मध्ये जनावरं पकडण्याच्या फासक्यांवर बंदी घातली, ते योग्यच झालं. मात्र तिथेही चर्चा साधनाभोवतीच फिरली. साधन सौम्य की क्रूर, हा प्रश्न दुय्यम आहे. खरा फरक जनावर हटवणं आणि आमिष हटवणं यांत आहे.

आमिष आपणच घालतो. पोल्ट्रीतली मरतुक रात्री ओढ्यात किंवा कालव्याच्या कडेला फेकली जाते. त्यावर कोल्हे जमतात, भटकी कुत्रीही जमतात. पुढे शेळी कुणी मारली याचा निकाल मात्र पंचनाम्याआधीच लागतो. खुराड्याच्या जाळीखाली उकरायला जागा असते, करडं उघड्यावर बांधलेली असतात. ऊसतोड झाली की लपण मोडतं, कोल्हा वस्तीकडे सरकतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण गाफील असतो.

माळशिरस तालुक्यातल्या धनगराला हे शिकवावं लागत नाही. तो संध्याकाळी वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावतो, मेंढरं आत घेतो, कुत्री बाहेर ठेवतो. लांडग्याच्या मुलखात त्याचा कळप टिकला तो लांडगा हद्दपार करून नव्हे.

जाळी हातभर जमिनीत गाडायची, करडं दिवस मावळायच्या आत कोंडायची, मरतुक खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायची. या कामात दया दाखवायला फारसा वाव नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही. पण कोल्ह्यालाही आणि शेतकऱ्यालाही न्याय देणारी दुसरी रीत मला दिसत नाही. ग्रामसभेत पिंजऱ्याची मागणी करण्याआधी गावातल्या प्रत्येक पोल्ट्रीला खड्डा आहे का, एवढं विचारा.