बाहुलीच्या पोटातला मी

आमचे साडू मॉस्कोला जाऊन आले आणि येताना आमच्यासाठी एक लाकडी बाहुली घेऊन आले. (सोबत चारशे फोटो होते. तेही सगळे दाखवले.) मात्र्योश्का तिचं नाव. कमरेत पिळली की दोन तुकडे होतात आणि आतून दुसरी निघते, दुसरीतून तिसरी. पाचवी मात्र उघडत नाही. शेंगदाण्याएवढी आणि भरीव.

"असे एकात एक डबे तुळशीबागेतही मिळतात," सौ. म्हणाली, "आणि त्यांत डाळ तरी भरता येते."

मी कॉमर्सचा पदवीधर. घरात वस्तू आली की तिची नोंद झाल्याशिवाय मला चैन पडत नाही. वाचून काढलं. ही बाहुली काही पुराणकाळची नव्हे. 1890 च्या दशकात मॉस्कोतल्या एका कार्यशाळेत झ्व्योझ्दोच्किन नावाच्या कारागिरानं ती कातली आणि माल्युतिन या चित्रकारानं रंगवली. (पहिलं आडनाव स्लिपवर आलं, तर मी काउंटर बंद करीन.) पहिल्या संचात आठ बाहुल्या होत्या. सर्वांत बाहेर काळा कोंबडा घेतलेली मुलगी, सर्वांत आत दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात पदक मिळालं आणि पुढं सेर्गियेव्ह पोसाद या गावानं हा धंदाच उचलला.

इथवर ठीक होतं. झोप उडाली ती कृती वाचून. मला वाटायचं, आधी मोठी कातत असतील आणि मग तिच्यात मावतील अशा लहान. तर उलटंच! आधी सर्वांत धाकटी. तिच्या मापानं तिच्यावरची, तिच्या मापानं आणखी वरची. लाकूडही शक्यतो एकाच ओंडक्याचं. नाहीतर एक फुगते, दुसरी आकसते आणि सांधा बसत नाही.

झोप उडण्याचं कारण आदल्या आठवड्यातलं. रोखीची वेळ संपून तीन मिनिटं झाली होती. एक आजी पैसे काढायला आल्या. ड्रॉवरला किल्ली लागायची होती. मी म्हटलं, "आजी, वेळ संपली. उद्या या." त्या काही न बोलता कठडा धरून जिना उतरल्या. संध्याकाळपर्यंत मी मनाशी घोकत होतो : हे मी नाही बोललो, खिडकीतला कारकून बोलला. आत मी फार चांगला माणूस आहे.

आपण सगळे हिशेब असाच मांडतो. ऑफिसात खेकसतो तो साहेब, रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून भांडतो तो गिऱ्हाईक, दुपारी एक ते चार दार उघडत नाही तो पुणेकर. खरा मी आत, दुपट्यात. वाईट ते बाहेरच्यांच्या नावे, चांगलं तेवढं आतल्याच्या जमा.

पण धाकटीच्या मापानंच बाकीच्या कातल्या असतील, तर "उद्या या" हे माप आलं कुठून? आतला खरंच मोठा असता, तर त्याच्यावर एवढा आखूड कारकून बसलाच नसता. नियम बँकेचा होता, मान्य. पण तो सांगताना झालेला आनंद माझा होता.

परवा आजी पुन्हा आल्या. धापा टाकत, वेळेच्या पाच मिनिटं आधी. मी म्हटलं, "सावकाश, आजी. त्या दिवशी माझं चुकलं." शेजारच्या खिडकीतल्यानं चमकून पाहिलं.

"अरे, त्यात काय! नियम म्हणजे नियम, बाळा," आजी म्हणाल्या. माझीच सबब त्यांनी मला परत दिली. ती काही मला जमा करून घेता येईना.

सौ.नं आता बाहुलीतल्या आतल्या चौघी बाहेर काढून तिच्यात वेलदोडे भरलेत. पाचवीत काही भरता येत नाही. ती आहे तशीच आहे, हीच तर अडचण आहे.