चित्र आहे, उजेड गेला आहे



घरभेटींच्या निमित्ताने मी एका घरी गेलो होतो. प्रार्थना झाली, घराला आशीर्वाद दिला, चहाही आला. पण घरात काहीतरी अडले आहे, हे जाणवत होते. वडील ओटीवर बसून होते आणि मुलगा आतल्या खोलीतून बाहेर येत नव्हता. शेवटी आजींनीच तोंड उघडले. "फादर, आठ दिवस झाले, हे बाप-लेक एकमेकांशी बोलत नाहीत. आणि कारण काय, तर हा टीव्ही!"

टीव्ही सहा वर्षांचा. त्यातून आवाज येत होता, पण पडदा काळा. मुलाचे म्हणणे, हप्त्यावर मोठा नवीन आणू. वडिलांचे म्हणणे, आधी दुरुस्त करून पाहू. शब्दाने शब्द वाढला आणि मुलगा बोलून गेला, "पप्पा, आता दुरुस्त करीत कोण बसतो? जुने झाले की बदलायचे." वडील दोन वर्षांपूर्वी नोकरीतून निवृत्त झालेले. मुलगा टीव्हीबद्दल बोलत होता, पण वडिलांनी ते वाक्य स्वतःबद्दल ऐकले.

आपल्याला हसू येईल. टीव्हीसाठी का कोणी अबोला धरतो? पण विचार करा, आपल्या घरांतली बरीचशी भांडणे अशाच लहान वस्तूंवरून सुरू होतात आणि माणसांपर्यंत जाऊन पोहोचतात.

आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल, २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. सुरुवातीला एखाद्याच घरी टीव्ही असायचा आणि शेजारीपाजारी खाली चटईवर बसून तो पाहायचे. तो बिघडला की बदलायचा, हा विचारही मनात येत नसे. मेकॅनिक पिशवी घेऊन घरी यायचा, मागचे झाकण काढायचा आणि आम्ही मुले त्याच्याभोवती कोंडाळे करून उभे राहायचो. आज वस्तू स्वस्त झाल्या, हप्ते सोपे झाले आणि दुरुस्ती करणारे हात कमी झाले. म्हणूनच "दुरुस्त करू की नवीन घेऊ?" हा प्रश्न आज घरोघरी आहे. हा प्रश्न पैशाचा आहेच, पण तेवढाच नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, प्रभू येशूने अंजिराच्या झाडाचा दाखला सांगितला आहे. मळ्याचा मालक तीन वर्षे फळ शोधायला येतो, पण फळ मिळत नाही. तो माळ्याला झाड तोडायला सांगतो, उगाच जागा कशाला अडवायची! माळी मात्र आणखी एक वर्ष मागतो. मी भोवती खणतो, खत घालतो, म्हणतो. त्यानंतरही फळ आले नाही, तर तोडण्यास त्याची हरकत नाही.

हा दाखला टीव्हीबद्दल नाही, हे मी जाणतो. तो आपल्या पश्चात्तापाबद्दल आणि देवाच्या सहनशीलतेबद्दल आहे. पण त्या माळ्याकडे नीट पाहा. तो नुसती दया दाखवीत नाही. तो मुदत मागतो, स्वतः कष्ट करायला तयार होतो आणि शेवटी मर्यादाही मान्य करतो. तोडायचेच नाही, असा त्याचा हट्ट नाही. नीट पाहिल्याशिवाय, हात लावल्याशिवाय तोडू नका, एवढेच तो मागतो.

हट्टाबद्दल माझीच एक गोष्ट सांगतो. एका धर्मग्रामात असताना धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी हॉलमध्ये टीव्ही होता. मुलांचा चेंडू लागून त्याचा पडदा फुटला. काटकसर करायची म्हणून मी कोणालाही न विचारता तो दोनदा दुरुस्तीला पाठविला. दोन्ही वेळा पैसे गेले आणि पडद्यावरच्या रेघा तशाच राहिल्या. मग कौन्सिलमधले एक गृहस्थ नम्रपणे म्हणाले, "फादर, पडदा फुटला की नवीन पॅनेलची किंमत जवळजवळ नव्या टीव्हीएवढी होते. आधी विचारले असते तर सांगितले असते." मी ज्याला काटकसर समजत होतो, तो माझा अहंकार होता.

सेमिनरीत आम्हाला तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस शिकविले गेले. विवेक या सद्गुणाच्या तीन पायऱ्या ते सांगतात: आधी सल्लामसलत, मग निवाडा आणि शेवटी ठरविल्याप्रमाणे कृती. परीक्षेत हे उत्तर मी बरोबर लिहिले होते. टीव्हीच्या वेळी मात्र पहिलीच पायरी चुकलो!

पहिली पायरी सल्लामसलतीची. बिघाड नेमका कुठे आहे, हे जाणकाराला विचारावे. वीजपुरवठ्याच्या भागातला एखादा फुगलेला कपॅसिटर असेल, तर दुरुस्ती थोडक्यात होते. पडदाच फुटला असेल, तर गोष्ट वेगळी. आणि घरातल्यांनाही विचारावे. त्या घरात आजींना कोणीच विचारले नव्हते! गुडघ्यांमुळे त्यांना रोज देवळात येता येत नाही. २०२० मध्ये देवळे बंद होती, तेव्हापासून त्या टीव्हीवरची मिस्सा भक्तीने पाहतात. त्यांना मोठा टीव्ही नको होता, लवकर चालू होणारा हवा होता.

दुसरी पायरी निवाड्याची. दुरुस्तीचा खर्च किती, त्यानंतर वस्तू किती टिकेल, सुटे भाग मिळतील का, हे पाहावे. नवीन घ्यायचा तर तो गरजेसाठी की शेजाऱ्याने घेतला म्हणून? हप्ता फेडताना मुलांची फी किंवा आजोबांची औषधे मागे राहणार नाहीत ना? ही बेरीज-वजाबाकी म्हणजे कंजूषपणा नव्हे. देवाने सोपविलेल्या मिळकतीचे आपण कारभारी आहोत आणि कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो.

तिसरी पायरी कृतीची. दुरुस्त करायचे ठरले, तर करून टाकावे. बदलायचे ठरले, तर मनात अपराधी भावना न ठेवता बदलावे. मात्र जुन्याचे काय करायचे, हेही त्याच वेळी ठरवावे. चालू असेल तर एखाद्या गरजू घरी द्यावा. बंद असेल तर तो ओढ्याकाठी किंवा कचऱ्यात फेकू नये. जुन्या जाड टीव्हीच्या काचेत शिसे असते. तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, तेव्हा विषारी धूर जाळणाऱ्याच्या छातीत जातो आणि तो जाळणारा बहुधा गरीबच असतो. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्याच्या चौथ्या भागाहूनही कमी कचरा रीतसर गोळा झाल्याची नोंद आहे. आपल्या देशातही ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. म्हणून जुना संच अधिकृत संकलन केंद्रातच द्यावा.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे परिपत्रक लिहिले. फेकून देण्याच्या संस्कृतीविषयी त्यांनी त्यात इशारा दिला आहे. वस्तू सहज फेकणारा समाज माणसांनाही तसाच बाजूला सारतो, हे ते वारंवार सांगत राहिले. म्हातारे, आजारी, अपंग, न जन्मलेली बालके आधी निरुपयोगी ठरविली जातात, मग नकोशी होतात.

आता त्या घराकडे परत जाऊ. आमच्याच धर्मग्रामातल्या एका मेकॅनिकला मी फोन करून बोलाविले. त्याने टीव्ही चालू केला, खोलीतला दिवा बंद केला आणि टॉर्च पडद्याजवळ तिरका धरला. सगळे वाकून पाहू लागले. त्या काळ्या पडद्यावर अंधूक माणसे हलत होती! तो म्हणाला, "चित्र आहे. मागचा उजेड गेला आहे." पडद्यामागे लहान दिव्यांच्या पट्ट्या असतात, त्या जळाल्या होत्या. खर्च अडीच हजार रुपये.

दोन दिवसांनी तो पट्ट्या घेऊन आला. पुढे काय झाले, ते आजींनी मला रविवारी सांगितले. आतली काच फार नाजूक असते, एकट्याने उचलता येत नाही. मेकॅनिक म्हणाला, "दोघांनी दोन बाजूंनी धरा. जपून." मग एका बाजूने वडिलांनी धरली आणि दुसऱ्या बाजूने मुलाने. "सावकाश, पप्पा," मुलगा म्हणाला. आठवड्याभरातला तो त्याचा पहिला शब्द होता.

प्रिय भाविकांनो, टीव्ही कधीतरी बदलावाच लागेल. ती वस्तू आहे, तिला किंमत आहे आणि तिच्या जागी दुसरी येऊ शकते. पण माणसाच्या जागी दुसरा माणूस येत नाही. आपल्या घरात असा कोणी आहे का, ज्याचा पडदा काळा झाला आहे? गप्प झालेले वडील, व्यसनात अडकलेला भाऊ, कोणाशीच न बोलणारी तरुण मुलगी? "आता याच्यात काही उरले नाही," असे म्हणण्याआधी जवळ जाऊन थोडा उजेड धरू या. देवाने प्रत्येकात आपली प्रतिमा ठेवली आहे. ती अंधूक होते, पण पुसली जात नाही.

या आठवड्यात घरातल्या एका तरी अशा व्यक्तीजवळ दहा मिनिटे बसा. टीव्ही बंद ठेवून!

हे प्रभो, तू आम्हांला वर्षामागून वर्ष मुदत देत आलास. आमच्या मुळाशी तू खणलेस, खत घातलेस. तोच धीर आम्हांला एकमेकांसाठी दे. काय टाकावे आणि कोणाला कधीच टाकू नये, हे ओळखण्याचा विवेक दे. आमेन.

आपला प्रभूमध्ये,
प्रमुख धर्मगुरू