परधर्मश्रद्धेचा आदर

दुसऱ्याच्या धर्मश्रद्धेचा आदर करावा, हें वाक्य आपल्याकडे इतकें गुळगुळीत झालें आहे कीं, त्याचा अर्थ विचारणाराच उद्धट ठरावा. तथापि हा दोष पत्करल्यावांचून या प्रश्नाचा उलगडा होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

आदर ही मनाची वृत्ति आहे. ती आज्ञेनें उत्पन्न होत नाहीं. ईश्वरास आकार देणें हें पाप, असें जो मनापासून मानतो, त्याजकडून मूर्तिपूजेच्या तत्त्वाविषयीं आदराची अपेक्षा कशी करावी? आणि मूर्तीपुढें भक्तिभावानें हात जोडणारा तरी त्या निषेधाचा आदर कोणत्या तोंडानें करील? दोन्ही मतें सारखींच पूज्य म्हणणारा मनुष्य बहुधा दोहोंविषयींही उदासीन असतो. सारांश, मताचा आदर हें कर्तव्य होऊं शकत नाहीं. कर्तव्य आहे तें, मत बाळगणाऱ्या माणसाच्या आदराचें.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. १९८५ सालीं केरळांतील एका शाळेंतून तीन भावंडांस काढून टाकण्यांत आलें. तीं ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचीं. राष्ट्रगीत चालू असतां तीं सभ्यपणें उभीं राहत, पण गात नसत. कारण तसें करणें त्यांच्या श्रद्धेस मान्य नव्हतें. १९८६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांस पुन्हां शाळेंत घेण्याचा आदेश दिला. ही श्रद्धा आपल्या बुद्धीस पटते कीं नाहीं, हा प्रश्नच न्यायालयानें गैरलागू ठरविला. ती प्रामाणिकपणें धरलेली आहे काय, हें पाहिलें. येथें आदर झाला तो मुलांच्या सदसद्विवेकबुद्धीचा, पंथाच्या सिद्धांताचा नव्हे.

मग प्रामाणिक श्रद्धेस सर्वच मोकळीक द्यावी काय? महाडचें उदाहरण घ्या. १९२७ च्या मार्चांत डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी चवदार तळ्याचें पाणी प्याले, तेव्हां सनातनी मंडळींनीं पंचगव्यानें तें तळें ‘शुद्ध’ केलें. त्यांची विटाळावरील श्रद्धा लटकी होती, असें आम्ही म्हणत नाहीं. ती खरी होती, हीच दुःखाची गोष्ट. परंतु जी श्रद्धा दुसऱ्याचें माणूसपणच नाकारते, तिला त्याच माणसानें मान द्यावा असें सांगणें, हा अन्यायावर अन्याय होय. त्याच वर्षीं २५ डिसेंबरला महाडास मनुस्मृतीचें दहन झालें, तें या दृष्टीनें आम्हांस समर्थनीय वाटतें.

याचा अर्थ दुखविणें हाच पुरुषार्थ, असा मात्र नव्हे. १९२७ सालींच दंडविधानांत घातलेलें २९५-अ हें कलम, जें २०२४ पासून भारतीय न्याय संहितेंत २९९ व्या क्रमांकानें आहे, तें द्वेषबुद्धीनें व हेतुपुरस्सर केलेल्या अपमानास शिक्षा सांगतें. आदर करा, असें तेंही सांगत नाहीं. टीका ही एका परीनें मानच होय. ज्याला विचारशक्ति आहे असें आपण धरतों, त्याच्याशींच आपण वाद घालतों. नुसती टवाळी करणारा तो मान देत नाहीं. आणि भावना दुखावतील म्हणून सदैव गप्प बसणाराही देत नाहीं, कारण तो समोरच्यास लहान मूल लेखतो.

हा प्रश्न घरोघर रोजचाच आहे. आई देवापुढें निरांजन लावते. मुलाचा विश्वास उडालेला असतो. त्यानें खोटे हात जोडूं नयेत, तिनेंही ते जोडवून घेऊं नयेत. परंतु वाऱ्यानें निरांजन विझूं लागलें, तर उठून खिडकी लावून घेणें त्याला जड जाऊं नये.