चाखणे आणि जेवणे

आपल्या धर्मग्रामातील ज्यांनी ऐंशी ओलांडली आहे त्यांना आठवत असेल, पूर्वी ख्रिस्तशरीर स्वीकारायचे तर मध्यरात्रीपासून पोटात अन्नाचा कण नाही की पाण्याचा थेंब नाही. 1953 मध्ये पोप पायस बारावे यांनी पाण्याची मोकळीक दिली, 1957 मध्ये अन्नाचा उपवास तीन तासांवर आणला आणि 1964 मध्ये पोप पॉल सहावे यांनी तो एका तासावर आणला. त्या जुन्या दिवसांत मिस्सेहून परतल्यावर चुलीपुढे बसून जी न्याहारी व्हायची, तिची गोडी आजच्या मुलांना सांगून कळणार नाही. भूक खरी असायची आणि घर एका जागी बसलेले असायचे.

इंग्रजांनी रविवारच्या या उशिराच्या खाण्याला ‘ब्रंच’ असे नाव दिले. ब्रेकफास्ट आणि लंच या दोन शब्दांची ती गाठ. 1895 मध्ये गाय बेरिंजर नावाच्या लेखकाने या नावाची वकिली करणारा एक लेख लिहिला. चर्चहून आल्यावर जडशीळ जेवण कशाला, त्यापेक्षा थोडे उशिरा उठून हलकेफुलके खावे, म्हणजे शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागलेल्यांचीही सोय होते, असा त्याचा युक्तिवाद. म्हणजे उपाशी राहून मिस्सेला जाणारा आणि रात्रभर मजा करून उशिरा उठणारा, दोघेही एकाच टेबलाशी येऊन बसले! तेव्हापासून ब्रंचचा हा दुहेरी स्वभाव काही सुटलेला नाही.

आता तर टेबलाशी बसायचेही कारण उरलेले नाही. परदेशातील मोठ्या शहरांत आणि आपल्या मुंबईतही वाटाड्यासोबत पायी फिरत खाण्याच्या सहली निघतात. दहा-बारा माणसांचा घोळका, तीन तासांची फेरी, पाच-सहा ठिकाणे. प्रत्येक ठिकाणी दोन घास, मध्येच एखादे कॉकटेल, आणि पुढे चला. आमच्या मनात प्रश्न उभा राहिला तो अशाच एका सहलीमुळे. 2023 च्या मार्चमध्ये आम्ही उभयता मुलाकडे अमेरिकेला गेलो होतो आणि त्याच्या आग्रहाने चार दिवस न्यू ऑर्लिन्सला राहिलो. प्रायश्चित्तकाळातील चौथा रविवार होता, धर्मगुरूंच्या अंगावर गुलाबी झगा होता. सेंट लुईस कॅथीड्रलमध्ये मिस्सा ऐकली आणि समोरच्या चौकातून सहल सुरू झाली.

हे शहर फ्रेंचांनी 1718 मध्ये वसवले, मग ते स्पेनकडे गेले आणि 1803 मध्ये अमेरिकेने विकत घेतले. त्यामुळे तिथले अन्न म्हणजे इतिहासाची चुलीवर शिजलेली वही आहे. कॉफीत चिकोरी, आपल्याकडच्या मद्रासी कॉफीसारखी. गम्बो नावाचा दाट रस्सा. आफ्रिकेतील काही भाषांत भेंडीला जे म्हणतात त्यावरून त्याला हे नाव पडले, असे मानले जाते. भेंडी गुलामांबरोबर आली. ज्या झाडाच्या पानांची पूड रस्सा दाट करायला घालतात ती तिथल्या मूळच्या चॉक्टॉ लोकांनी दाखवली. सिसिलीहून आलेल्या लोकांनी ऑलिव्हचे लोणचे भरलेला मोठा गोल पाव दिला. ‘दुसरी न्याहारी’ प्रसिद्ध केली ती मादाम बेगे या मूळच्या जर्मन बाईंनी. बाजारातले खाटीक पहाटेपासून राबत आणि अकराच्या सुमाराला त्यांना कडकडून भूक लागे. त्यांच्यासाठी मांडलेली ती पंगत पुढे श्रीमंत प्रवाशांची चैन झाली.

आमचा घास अडला तो कालासपाशी. कालास म्हणजे उरलेल्या भाताचे गोळे. भात चुरडून त्यात पीठ, साखर, अंडे, जायफळ घालायचे, खमीर आणायचे आणि तुपा-तेलात तळायचे. वरून साखर भुरभुरतात. तोंडात टाकताच आम्हा दोघांनाही आपले फुगेच आठवले. तेच फुगणे, तोच आंबूस वास. एकीकडे भात, दुसरीकडे मैदा आणि नारळाचे दूध, एवढाच फरक. पण आपले फुगे लग्नाच्या मांडवातले, आणि कालास रस्त्यावरचे. रविवारी गुलामांना मालकाच्या कामातून सुट्टी असे. मिस्सा सुटली की कृष्णवर्णीय स्त्रिया डोक्यावर टोपली घेऊन चर्चबाहेर आणि गल्लोगल्ली गरम कालासची हाळी देत फिरत. स्पेनच्या अमलात गुलामाला स्वतःची किंमत भरून स्वतःला सोडवून घेण्याचा हक्क होता; मालकाची इच्छा नसली तरी न्यायालय किंमत ठरवून देई. कालासच्या नाण्यांतून काही स्त्रियांनी स्वतःचे, काहींनी मुलांचे स्वातंत्र्य विकत घेतले. अमेरिकन राज्य आल्यावर 1807 मध्ये तो हक्क काढून घेण्यात आला.

हे सारे वाटाड्याने फार चांगल्या रीतीने सांगितले. पण त्याच वेळी आमच्या हातात कागदी बशी होती, तीत एकेक गोळा होता, आणि मागचे दोघेजण आधीचे कोळंबीचे कालवण बरे की हे बरे, यावर पैज लावत होते. पुढच्या वळणावर तर आणखीच अवघडल्यासारखे झाले. एका जुन्या हॉटेलच्या घुमटाखाली जिथे गुलामांचे लिलाव होत, त्या कोपऱ्यावर आम्ही उभे होतो आणि बहुतेकांच्या हातात कॉकटेलचे प्लास्टिकचे पेले होते. त्या भागात पेला हातात घेऊन रस्त्याने चालायला कायद्याची आडकाठी नाही. वाटाड्या बोलत होता, कुणी तरी बर्फ चघळत होते.

मग आम्हा दोघांत वाद झाला, आणि तो मुक्कामावर पोहोचेपर्यंत संपला नाही. एकाचे म्हणणे असे, की ज्या घासामागे एवढे दुःख आहे तो गंमत म्हणून चाखणे बरे नव्हे. दुःखाला आपण मसाला केला. दुसऱ्याचे म्हणणे, मग काय करायचे? खायचेच नाही? त्या स्त्रियांनी कालास तळले ते लोकांनी खावेत म्हणून. कुणी विकत घेतले नसते तर त्या सुटल्या नसत्या. ज्या गिऱ्हाइकाने रविवारी दोन नाणी टाकली त्याने कदाचित त्यांच्याकडे मान वर करून पाहिलेही नसेल, तरी त्याची नाणी कामाला आली. दुसरी बाजू आम्हाला अधिक भक्कम वाटते. अन्नापासून तोंड फिरवून कुणाचा सन्मान होत नाही.

पण याने प्रश्न सुटत नाही, फक्त जागा बदलतो. चाखण्यात पाप नसेल, तरी चाखणाऱ्याच्या अंगावर काही देणे राहते का? आणि ते तिकिटाच्या पैशांत फिटते का?

पैशाचेच आधी पाहू, कारण ते सोपे आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे, आणि लुइझियाना राज्यात तोच लागू आहे, टिप घेणाऱ्या वाढप्याला मालकाने तासाला 2.13 डॉलर दिले तरी चालते. हा आकडा 1991 पासून हललेला नाही. टिप धरून तासाचे 7.25 डॉलर झाले नाहीत तरच उरलेली भरपाई मालकाने करायची. म्हणजे रविवारी सकाळी आपल्यापुढे ताट ठेवणाऱ्या मुलीचा संसार आपल्या मर्जीवर चालतो. तिथे टिप म्हणजे खुशाली नव्हे, मजुरी आहे. ती न देणे म्हणजे मजुरी बुडवणे. आपली मुलेबाळे तिकडे जातात, क्रूझ जहाजांवर आपलीच मुले ताटे उचलतात. हे सांगायला फार विद्वत्ता लागत नाही.

कॉकटेलबद्दलही थोडे बोलायला हवे. आमच्या वाट्याला आले ते रामोस जिन फिझ, 1888 मध्ये हेन्री रामोस यांनी सुरू केलेले. जिन, लिंबू, साखर, साय, अंड्याचे पांढरे आणि नारिंगीच्या फुलांचे पाणी. ते इतका वेळ घुसळावे लागते की रामोस यांनी नुसते हलवायला माणसांची रांग उभी केली होती. स्वतः रामोस मात्र शिस्तीचे. गिऱ्हाईक झिंगले तर त्यांना खपत नसे, आणि दुकानही संध्याकाळी लवकर बंद करीत, असे सांगतात. पेय छान होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ख्रिस्तसभेने द्राक्षारसाला कधी वाईट म्हटलेले नाही. पण बाटलीने आपल्या भागातील किती घरे धुऊन नेली हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. आम्हाला तिथे खटकले ते निराळेच. तिसऱ्या ठिकाणापासून घोळक्यातील काहींना ऐकू येईनासे झाले होते. कान शाबूत होते, लक्ष गेले होते. पिणाऱ्याचे पहिले नुकसान पाय लटपटण्याच्या बरेच आधी होते. समोरचा माणूस त्याच्यासाठी पुसट होतो.

खादाडपणा म्हटले की आपल्याला फार खाणे एवढेच आठवते. संत थॉमस अक्विनास यांनी त्याचे पाच प्रकार मोजले आहेत: वेळेआधी खाणे, महागडे खाणे, अति खाणे, अधाशासारखे खाणे आणि फार चोखंदळपणे खाणे. सहलीत अति खाण्याला वाव नाही, दोन-दोन घासच मिळतात. शेवटचा प्रकार मात्र तिथे आपोआप अंगी भिनतो. सहा ठिकाणी सहा घास घेणारा माणूस नकळत परीक्षक होतो. याला आठ गुण, त्याला सहा. पाहुणा असे करीत नाही. पुढे आलेले खारट असले तरी पाहुणा ते संपवतो आणि वर पाणी मागतो.

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू बहात्तर शिष्यांना पाठवतो तेव्हा त्यांना खाण्याबद्दलही सूचना देतो. पुढे वाढतील ते खावे, ही एक. एकाच घरी राहावे, घरे बदलत फिरू नये, ही दुसरी. आम्ही वर्षानुवर्षे ही दुसरी सूचना ऐकली, पण ती सोयीची बाब असावी असेच वाटत होते. न्यू ऑर्लिन्सच्या गल्ल्यांतून फिरल्यावर तिचा रोख वेगळा दिसू लागला. जो घर बदलतो तो अधिक चांगल्या जेवणाच्या शोधात असतो, आणि मग आधीच्या घरातील बाई फक्त कमी चांगली स्वयंपाकीण उरते. जो थांबतो त्याला तिचे नाव कळते, तिच्या आजारी नवऱ्याचे कळते, कदाचित तिच्याशी भांडणही होते.

त्याच शहरातील ट्रेमे वस्तीत सेंट ऑगस्टिन चर्च आहे, 1842 मध्ये आशीर्वादित झालेले. तेव्हा बाके भाड्याने घ्यावी लागत. स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबांनी चढाओढीने आपल्यासाठी बाके घेतली आणि वर बाजूच्या रांगांतील बाकांचे पैसे गुलामांसाठी भरले. लोकांनी कशासाठी पैसे मोजले पाहा: बसायच्या जागेसाठी. आणि आम्ही बसायचे नाही, चालत राहायचे, यासाठी पैसे मोजले होते.

त्या वर्षी 19 मार्च रविवारी आल्याने संत जोसेफ यांचा सण सोमवारी, 20 तारखेला होता. सिसिलीच्या लोकांनी तिथे एक प्रथा रुजवली आहे. या दिवशी तीन पायऱ्यांची वेदी मांडतात. पाव, मासे, भाज्या, अंजिराच्या करंज्यांसारखे गोड पदार्थ असतात, मांस मात्र नाही. काही ठिकाणी मुले पवित्र कुटुंबाचा वेष घेऊन दार ठोठावतात. दोनदा त्यांना परत लावतात, तिसऱ्यांदा दार उघडते आणि पहिले ताट त्यांना मिळते. मग येईल त्याला जेवण. उरलेले आणि दानपेटीत पडलेले गरिबांना. आम्ही एका धर्मग्रामाच्या सभागृहात गेलो. साधी शेवयांसारखी पास्ता, वर पावाचा भाजलेला चुरा. खरे सांगायचे तर आदल्या दिवशीचा एकही पदार्थ यापेक्षा वाईट नव्हता. पण शेजारच्या आजींनी भारताबद्दल पाऊण तास विचारले, आमच्या हातात एक सुके बाकल्याचे बी ठेवले आणि पाकिटात जपायला सांगितले. अजून आहे ते.

आता गिरगावातील खोताच्या वाडीत अशा पायी सहली येतात, ईस्ट इंडियन घरे दाखवतात. उद्या आपल्या गल्लीतही येतील. येऊ देत. आपल्या बायकांना दोन पैसे मिळतील, बाटली मसाला आणि सुकेळी खपतील, आणि मुलांनाही कळेल की आजीच्या हातात काय होते. पण ज्या मावशी रात्री फुग्यांचे पीठ भिजवून पहाटे तीनदा उठून ते बघतात, त्यांच्या अंगणात बारा माणसे कागदी पेले घेऊन उभी राहिली तर काय होईल, याची आम्हाला थोडी कल्पना आहे. मावशी एकेक फुगा वाटणार नाहीत. आधी बसा म्हणतील. खुर्च्या कमी पडल्या तर शेजारून आणवतील. तुमचे गाव कोणते, लग्न झाले का, आई आहे का, हे विचारल्याशिवाय कालवण पुढे येणार नाही. वाटाड्या घड्याळ बघत दारात उभा राहील, आणि पुढच्या पाच ठिकाणांचे काय करायचे ते त्याला कळणार नाही.