पाटी कोणासाठी?

या हाताने दिलेले त्या हाताला कळू नये, असा संस्कार आपल्यावर लहानपणापासून झालेला आहे. केलेल्या सत्कृत्याचा गाजावाजा करू नये, हे आपण मानतो. मग एखाद्या दुकानाने किंवा कंपनीने 'आमच्याकडे कर्णबधिर ग्राहकांचे स्वागत आहे, कर्णबधिर कर्मचारी आमच्यात काम करतात' अशी जाहिरात करावी का? हा चांगुलपणाचा बाजार तर होणार नाही ना? अनेक प्रामाणिक व्यावसायिकांना हा प्रश्न पडतो आणि संकोचापोटी ते गप्प राहतात.

पण या गप्प राहण्याचा तोटा कोणाला होतो? बहिरेपण डोळ्यांना दिसत नाही. चाकाच्या खुर्चीतील माणूस दारात आला, तर दुकानदाराला लगेच कळते. कर्णबधिर माणूस रांगेत उभा असला, तरी कोणाला पत्ता नसतो. त्याचा नंबर पुकारला जातो, तो हलत नाही आणि मागचे लोक चिडतात. दुसरीकडे, त्याला समजून घेणारे दुकान कोणते, हे त्यालाही बाहेरून ओळखता येत नाही. आपल्याला बसमध्ये, बाजारात चार गोष्टी सहज कानावर पडतात. त्याच्या बाबतीत तसे घडत नाही. जे लिहिलेले किंवा दाखवलेले नाही, ते बहुधा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. 2011 च्या जनगणनेत आपल्या देशात सुमारे 50 लाख लोकांना श्रवणदोष असल्याची नोंद झाली. एवढ्यांच्या बाबतीत आपली विनम्रता म्हणजे बंद दारच ठरते.

कायदाही हेच सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार प्रत्येक आस्थापनेने दिव्यांगांसाठी समान संधीचे धोरण जाहीर करायचे आहे. 2017 च्या नियमांनुसार ते संकेतस्थळावर द्यावे, नाहीतर आपल्या जागेत दर्शनी ठिकाणी लावावे. म्हणजे सांगणे हे येथे कर्तव्यच आहे.

तेव्हा सांगावे की नाही, हा खरा प्रश्न नाही. आपण ते कोणाला सांगतो, हा खरा प्रश्न आहे. 'पाहा, आम्ही किती चांगले' हे ऐकू येणाऱ्यांना सांगितलेले असते. 'या, येथे तुमचे म्हणणे समजून घेतले जाईल' हे कर्णबधिरांना सांगितलेले असते. पहिली पाटी आरशासारखी, तर दुसरी उघड्या दारासारखी.

2015 मध्ये मुंबईत पवई येथे 'मिर्ची अँड माइम' नावाचे उपाहारगृह सुरू झाले. तेथे वाढणारे कर्मचारी कर्णबधिर होते. मेनूकार्डावर पदार्थाशेजारी त्याची खूण चित्रात दाखवलेली असे आणि ग्राहकाने ती खूण करून पदार्थ मागवायचा. येथे शिकण्याची पाळी ऐकू येणाऱ्यांची होती! 2018 मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन शहरात, कर्णबधिरांच्या गॅलोडेट विद्यापीठाजवळ, स्टारबक्सने कॉफीचे एक खास दुकान उघडले. तेथे काम करणाऱ्याला ऐकू येवो वा न येवो, अमेरिकन सांकेतिक भाषा आलीच पाहिजे, अशी अट होती. या दोन्ही ठिकाणांची पुष्कळ प्रसिद्धी झाली. पण त्या प्रसिद्धीच्या मागे आत खरोखर काहीतरी बदललेले होते.

संत मार्कच्या शुभवर्तमानातील बहिऱ्या माणसाची कथा आपल्या परिचयाची आहे. प्रभू येशू त्याला गर्दीपासून बाजूला नेतो आणि त्याला कळेल अशा रीतीने, स्पर्शाने, त्याच्याशी संवाद साधतो. त्याचे प्रदर्शन मांडत नाही. आज कर्णबधिर कर्मचाऱ्याचा फोटो जाहिरातीत छापण्यापूर्वी त्याला कोणी विचारले होते का? त्याला बढती मिळते का, की वर्षानुवर्षे तो त्याच कामावर, त्याच पगारावर राहतो? 'सर्वांना समान संधी' असे लिहून खाली 'अधिक माहितीसाठी फोन करा' एवढेच छापले असेल, तर ती संधी कोणासाठी आहे? पाटी वाचून विश्वासाने आत आलेल्या माणसाला आत तसे काहीच आढळले नाही, तर पाटी नसलेली बरी. कारण पुढच्या खऱ्या पाटीवरचाही त्याचा विश्वास उडतो.

आपल्यापैकी अनेकांची दुकाने, दवाखाने, लहानमोठे कारखाने आहेत. सुरुवात अगदी साधी असू शकते. 'लिहून किंवा खुणेने सांगा, आम्ही समजून घेऊ' एवढी पाटी गल्ल्याजवळ लावा. फोन नंबरापुढे संदेश पाठवण्याचीही सोय आहे, असे लिहा. नंबर पुकारताना तो दाखवाही. बोलताना त्या व्यक्तीकडे तोंड करून बोला, सोबत आलेल्या नातेवाइकाकडे पाहून नव्हे. कामावरच्या एकाला तरी सांकेतिक भाषेची ओळख करून घ्यायला पाठवा. पाटीवर 'मूकबधिर' असे लिहू नका. ज्यांना भाषा आहे ते मुके कसे? आणि पाटी लावण्यापूर्वी एखाद्या कर्णबधिर व्यक्तीलाच ती दाखवून विचारा, 'हे वाचून तुम्ही आत याल का?'

त्या व्यक्तीने मान डोलावली, तर पाटी खुशाल मोठ्या अक्षरांत लावा. त्यात संकोच कसला?